मोतीबिंदू म्हणजे आढीतला आंबा नव्हे

“अजून पिकला नाही, पिकला की काढू.” मोतीबिंदूबद्दलचं हे वाक्य ऐकलं नाही असं घर विरळा. लग्न उरकू दे, पेरण्या होऊ देत. एका डोळ्यानं दिसतंय ना, मग दुसऱ्याची घाई कोणाला? आणि एका रात्री त्याच विसरलेल्या डोळ्यात ठणका सुरू होतो. अर्धं डोकं फुटायला येतं, उलट्या होतात. घरचे पित्त समजून आलं-लिंबू देतात. सकाळी पाहावं तर डोळा लालभडक आणि बाहुली पांढरीफटक.

हा मोतीबिंदूच्या पोटी जन्मलेला काचबिंदू.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी अखंड खेळतं असतं. वीसेक मिनिटांत जेमतेम एक थेंब तयार होतो. रंगीत पडद्यामागून निघून तो बाहुलीतून पुढे येतो आणि कडेच्या कोनातल्या बारीक जाळीतून निचरा होऊन जातो. आवक-जावक सारखी असते, म्हणून डोळ्यातला दाब साधारण 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याइतका राहतो. निचरा तुंबला की तो चाळीस-पन्नासच्या पुढे उसळतो आणि मागच्या नेत्रशिरेचे दहा लाखांवर धागे दाबाखाली मरू लागतात.

जुना मोतीबिंदू हा निचरा दोन तऱ्हांनी तुंबवतो. पहिली तऱ्हा सरळ आहे: मोतीबिंदूनं गढुळलेलं भिंग पाणी शोषून भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टपोरतं, पडद्याला पुढे रेटतं आणि कोन मिटतो. दुसरी अधिक विलक्षण. वर्षानुवर्षं राहिलेल्या मोतीबिंदूचा बाहेरचा थर विरघळून दुधासारखा होतो. मधला तपकिरी गाभा त्या दुधाच्या पिशवीत तळाला बसतो. मान हलवली की तोही जागा बदलतो. अठराव्या शतकातले इटालियन शरीरशास्त्रज्ञ मोर्गान्यी यांचं नाव अशा मोतीबिंदूला मिळालं आहे. पिशवी फाटलेली नसतानाही त्यातली प्रथिनं पाझरतात. ती गिळायला शरीराच्या भक्षक पेशी धावतात, खाऊन फुगतात आणि प्रथिनांसकट जाळीत अडकतात. सफाईला आलेल्यांनीच गटार तुंबवावं, तसं.

‘पिकू दे’ हा सल्ला मात्र अडाणीपणाचा नव्हता, एके काळी डॉक्टरच तो देत. तेव्हा भिंग काढल्यावर जाड काचांचा चष्मा लागे. त्यातून वस्तू पाव पट मोठ्या दिसत, म्हणून दुसरा डोळा बरा असेल तर थांबणंच शहाणपणाचं. 1949 मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं, 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून काढला. आता हिशेब उलटा झालाय. पिकून कडक झालेला मोतीबिंदूच काढायला अवघड. शस्त्रक्रिया बदलली, आपल्या तोंडचा शब्द तेवढा राहिला.

शब्दावरच सगळा दोष टाकणंही बरोबर नाही. नेपाळच्या तराईतल्या ‘लहान’ नावाच्या गावच्या नेत्र रुग्णालयात 1998 मध्ये मोतीबिंदूच्या 27,073 रुग्णांची नोंद झाली. त्यांतल्या 413 जणांना असा काचबिंदू झालेला होता. उशीर का केलात, या प्रश्नाला सर्वाधिक मिळालेलं उत्तर पैशांचं नव्हतं. ‘सोबत यायला कोणी नव्हतं’ हे होतं.

उपचारात आधी सलाइन, गोळ्या, थेंब देऊन दाब उतरवतात आणि मग भिंग काढतात. इथे दिवस मोजले जातात. मदुराईतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या 1996 च्या अभ्यासात, पाच दिवसांपेक्षा जास्त दाब सोसलेल्या डोळ्यांची दृष्टी परतण्याची आशा बरीच कमी दिसली. भिंग बदलता येतं, शीर नाही.

म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टर अंधाऱ्या खोलीत दुसरा डोळा झाकून विजेरी धरतात. कधी वरून, कधी खालून, कधी नाकाच्या बाजूनं, कधी कानाकडून. “आजी, उजेड कुठून येतोय?” बोट बरोबर दिशेला गेलं, तर आशा आहे. हात मांडीवरून उचललाच गेला नाही, तर भिंग तरीही काढायचंच, पण ते फक्त ठणका थांबावा म्हणून.