गजकर्ण : घरातील व गोठ्यातील

पिंपरीचा आणि बुरशीनाशक औषधांचा संबंध जुना आहे. 1954 साली येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातील संशोधकांनी 1961 च्या सुमारास ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक शोधून काढले. ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाला ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ असे पिंपरीचेच नाव मिळाले. गजकर्णावरील आजची औषधे निराळी असून ती सहज मिळतात. तरीही पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील पुष्कळ घरांतून हा रोग हटत नाही. याचे कारण औषधाचा अभाव हे नसून चुकीच्या औषधाचा वापर हे होय.

गजकर्ण किंवा नायटा रक्त बिघडल्याने होत नाही. तो बुरशीचा रोग आहे. भुरी जशी पानाच्या पृष्ठभागावर पसरते, तशी ही बुरशी त्वचेच्या वरच्या मृत थरावर, केसांवर व नखांवर जगते. घाम, ओल आणि ऊब मिळाली की ती फोफावते. खेड तालुक्यातील एखाद्या घरात एक भाऊ जाड गणवेश व बूट घालून कारखान्यात पाळी करतो, दुसरा पावसात भिजत शेत व गोठा पाहतो. दोघांच्याही जांघेत व कमरेला बुरशीस अनुकूल जागा मिळते. चट्टा वाटोळा असतो. त्याची कड लालसर, उंच व खवलेदार असते आणि मध्यभाग बरा झाल्यासारखा दिसतो.

खाज असह्य झाली की दुकानातून मिश्र मलम आणले जाते. त्यात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन यांसारखे स्टेरॉइड असल्यास दोन दिवसांत खाज व लाली दबते. बुरशी मात्र मरत नाही. त्वचेची प्रतिकारशक्ती मंदावल्याने ती अधिक पसरते, चट्ट्याचा आकार बदलून रोग ओळखणे कठीण होते आणि त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उठतात. म्हणूनच 2018 साली केंद्र शासनाने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. शिवाय 2020 साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळालेल्या बुरशीचे काही प्रकार टर्बिनाफिन या प्रमुख औषधालाही दाद देत नाहीत. सबब अर्धवट उपचार करू नये.

योग्य उपचार साधा आहे, पण चिकाटीचा आहे. डॉक्टरांनी दिलेले निव्वळ बुरशीनाशक मलम कोरड्या त्वचेवर, चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे 2 सेंटिमीटरपर्यंत लावावे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे ते चालू ठेवावे. रोग पसरला असल्यास, किंवा तो डोक्यात वा नखांत असल्यास, गोळ्यांची गरज असते. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. गरोदर स्त्रियांनी व यकृताचा विकार असलेल्यांनी तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.

घरातील सर्व बाधितांचा उपचार एकाच वेळी व्हावा. अन्यथा रोग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. टॉवेल व अंतर्वस्त्रे प्रत्येकाची वेगळी असावीत; ती गरम पाण्यात धुऊन, उलटी करून उन्हात वाळवावीत. कमरेचा करदोडा ओला राहून बुरशीला आश्रय देतो. उपचार संपेपर्यंत तो काढून ठेवणे इष्ट.

गोठ्याकडेही लक्ष द्यावे. वासरांच्या डोळ्यांभोवती व मानेवर राखाडी, जाड खपल्यांचे केसगळतीचे चट्टे दिसल्यास तेही गजकर्ण असण्याचा संभव असतो आणि तो माणसाला लागू शकतो. असे वासरू वेगळे बांधून पशुवैद्यकास दाखवावे, हातमोजे घालूनच हाताळावे आणि त्याचे दावे व खरारा इतर जनावरांस वापरू नये. गळालेल्या खपल्या जाळाव्यात. चाकणच्या बाजारातून नवे जनावर आणल्यास ते काही दिवस निराळे ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीत वापरातील मलमाची नळी पाहण्यास मागावी. नळीवर स्टेरॉइडचे नाव आढळल्यास त्या कुटुंबास संकोच न वाटू देता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. लाजेपायी लपविलेला चट्टा साऱ्या घराला महाग पडतो.