जुन्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट : घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

आपल्या व्यापारी बांधवांत नवी गाडी घेणारे थोडे आणि जुनी घेणारे पुष्कळ. मालेगाव-भिवंडीच्या फेऱ्या, सुरतेची खरेदी, वसुलीसाठी गावोगाव फिरणे, एवढ्यासाठी आठ-दहा वर्षे चाललेली डिझेल गाडी घेणे हा व्यवहार वाईट नाही. एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बनविणेच बंद केले. म्हणून आज बाजारात ज्या लहान डिझेल गाड्या दिसतात त्या बहुतेक त्यापूर्वीच्या, वयाने आणि किलोमीटरने बऱ्याच पुढे गेलेल्या आहेत.

गिऱ्हाईक रंग पाहतो, टायर पाहतो, एसी लावून बघतो, कागद तपासतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला, हे फारसे कोणी विचारत नाही. इंजिनाचा जीव मात्र त्या एका रबरी पट्ट्यावर असतो.

ज्यांच्या घरी लूम आहेत त्यांना ही गोष्ट समजायला वेळ लागू नये. साध्या लूममध्ये वरचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा खालचा शाफ्ट एक फेरा घेतो. ताण्याचे धागे वरखाली होऊन वाट मोकळी होते, त्या वाटेने धोटा पार जातो, मग फणी पुढे येऊन ठोका देते. धोटा अजून वाटेतच आहे आणि फणी आली, तर किती तार तुटतात आणि ते जोडण्यात कारीगराचा किती वेळ जातो, हे आम्ही सांगायला नको. इंजिनातही हाच हिशेब आहे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे, कॅमशाफ्टचा एक. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो, क्रँकशाफ्ट पिस्टन वरखाली करतो. पिस्टन वर येण्याच्या आत व्हॉल्व्हने आपली जागा सोडलीच पाहिजे. लूममध्ये हा मेळ दातांच्या चाकांनी बांधलेला असतो, पुष्कळशा गाड्यांत तो एका दातेरी पट्ट्याने बांधलेला असतो. तोच टायमिंग बेल्ट.

लूमच्या मोटरचा पट्टा तुटला तर लूम उभा राहतो, नवा पट्टा चढविला की काम सुरू. टायमिंग बेल्टचे तसे नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा सोळा ते वीस पट दाबून तापविली जाते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटते. इतका दाब मिळविण्यासाठी पिस्टन वर आल्यावर डोक्याशी जेमतेम एखाद्या मिलिमीटरची जागा ठेवलेली असते. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि खालून येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टन फुटतो, कधी कॅमशाफ्टच मोडतो. काही हजारांच्या कामाऐवजी संपूर्ण हेड उतरविण्याचे काम अंगावर येते, आणि गाडी जुनी असेल तर तिच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. शिवाय घाटात चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले तर स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांनंतर संपते. कसारा घाटाने नेहमी जाणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सगळ्याच डिझेल गाड्यांत बेल्ट नसतो. मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमधील १.३ लिटर डिझेल इंजिनात साखळी आहे. टोयोटाच्या डिझेल इटिऑसमध्ये आणि २०१६ पासून आलेल्या इनोव्हा क्रिस्टामध्येही साखळीच. उलट २००५ ते २०१६ ची २.५ लिटरची जुनी इनोव्हा, जुनी १.४ लिटर डिझेल इंडिका, रेनॉची १.५ लिटर डस्टर, डिझेल लोगान, फोर्डच्या डिझेल फिगो व इकोस्पोर्ट, फोक्सवॅगनच्या डिझेल पोलो-व्हेंटो, स्कोडाची डिझेल रॅपिड, या साऱ्या बेल्टवाल्या. साखळीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. तेल वेळेवर बदलले नाही तर साखळी ताणली जाते, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येऊ लागते.

बेल्ट कधी बदलावा? प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा आहे, ढोबळमानाने साठ हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत. त्यासोबत वर्षांचीही मर्यादा दिलेली असते, आणि दोन्हींपैकी जी आधी भरेल ती धरायची. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते, त्यामुळे "गाडी फार चाललेलीच नाही" हे उत्तर पुरेसे नाही. पुस्तकातला आकडा खरा मानावा, मित्राच्या गाडीचा नाही. जुन्या इनोव्हात यासाठी समोर एक दिवाही असतो. तो दिवा काम न करता नुसता विझवून देणारेही असतात, हे ध्यानात असू द्यावे.

आता फसगत कुठे होते ते पाहू. आमच्या ओळखीच्या एका सायझिंगवाल्यांनी गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने बेल्ट बदलल्याचे बिल दाखविले होते. बिल काही शेकड्यांचे. पट्टा बदलला होता हे खरेच, पण तो अल्टरनेटर फिरविणारा बाहेरचा पट्टा. टायमिंग बेल्ट झाकणाच्या आत असतो, बाहेरून दिसत नाही. तीन महिन्यांनी इगतपुरीच्या अलीकडे गाडी बंद पडली, ड्रायव्हरने चार-पाच वेळा सेल्फ मारला, आणि जे व्हॉल्व्ह वाचले असते तेही गेले. ऐन सणाच्या मालाची उचल चालू असताना गाडी गॅरेजात उभी. चालता चालता इंजिन एकदम बंद झाले आणि सेल्फ मारताना ते नेहमीपेक्षा हलके फिरते आहे असे वाटले, तर पुन्हा सेल्फ मारू नये, धक्काही देऊ नये. टोइंग बोलवावी.

म्हणून बिलावर भागाचे पूर्ण नाव, गाडीचा नंबर, तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर असल्याखेरीज ते बिल मानू नये. मीटर मागे फिरविणे हा या धंद्यातला जुना ऐब आहे. ब्रेक-क्लचच्या पेडलवरचे रबर, स्टिअरिंगची घासलेली जागा, ड्रायव्हरच्या सीटची कड पाहावी. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवीत असेल आणि चारही टायर गाडीपेक्षा पाच वर्षांनी लहान असतील तर विचारावे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडीची सर्व्हिसची नोंद असते, मालकाला सोबत नेऊन ती पाहावी. जो मालक येण्यास टाळाटाळ करतो त्याची गाडी आम्ही तरी घेणार नाही.

मिस्त्रीकडून वरचे झाकण काढवून बेल्ट पाहता येतो. भेगा, कडेला सुटलेले दोरे, झिजलेले दात, चकाकणारी पाठ, तेल किंवा पाण्याचा ओलावा यांपैकी काहीही दिसले तर बेल्ट गेला. पण काही दिसले नाही म्हणजे बेल्ट चांगला, असा अर्थ नाही. आतले काचतंतूचे दोर डोळ्यांना दिसत नाहीत, आणि बहुतेक वेळा बेल्ट पूर्वसूचना न देताच तुटतो. कागद नसेल तर गाडी घेताच बेल्ट बदलावा आणि तो खर्च सौद्यातच धरावा.

बदलताना एकटा बेल्ट बदलणे ही खोटी काटकसर. त्याला ताण देणारा टेन्शनर आणि वाटेतल्या पुल्या तितक्याच चाललेल्या असतात. डस्टर आणि फोक्सवॅगनच्या इंजिनांत वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. पंपाचे बेअरिंग जाम झाले तर नवा बेल्टही तुटणार, म्हणून पंप सोबतच बदलावा. तेलाचे सील गळत असेल तर तेही त्याच वेळी, कारण मजुरी एकदाच लागते. नवा बेल्ट दुमडून किंवा पिळून ठेवलेला नसावा. खुणा जुळविल्यावर इंजिन सेल्फने नव्हे, हाताने पान्याने सरळ दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासायच्या असतात. हे जो मिस्त्री करीत नाही त्याच्याकडे हे काम देऊ नये, मग तो नात्यातला का असेना.

बाकीची देखभाल थोडक्यात. तेल कंपनीच्या आकड्याप्रमाणे किंवा वर्षातून एकदा बदलावे. डिझेल गाडीचे तेल लवकर काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतू नये, क्षार साचतात. कूलंटच घालावे. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचते, पावसाळ्यात ते मिस्त्रीकडून काढून घ्यावे. स्वस्त मिळते म्हणून रॉकेल मिसळलेले डिझेल भरणाऱ्यांनी एवढे समजून घ्यावे की नव्या पद्धतीच्या इंजिनात पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. पंप आणि इंजेक्टर गेले तर वाचविलेले पैसे कैक पटींनी जातात. लांबून आल्यावर इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवून मग बंद करावे, टर्बोसाठी ते बरे.

आपल्या गावांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती कंपनीच्या पुस्तकात सापडणार नाही. लूमच्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर आणि रेडिएटरच्या जाळ्या सुताच्या उडत्या रुईने भरतात. बाहेरून धूळ वाटते, आत नमद्यासारखा थर बसलेला असतो. इंजिन तापते, धूर काळा येतो, आणि मालक इंजेक्टरला दोष देतो. शुक्रवारी लूम बंद असतात, त्या दिवशी सकाळी इंजिन थंड असतानाच तेलाची काडी, कूलंटची पातळी आणि ही जाळी पाहून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे.

बेल्टचे काम झाले की जुना बेल्ट मिस्त्रीकडून मागून घ्यावा, आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटवावी. पुढे गाडी विकताना हीच चिठ्ठी आणि बिल दाखविता येते.