सध्या कुठे?

मंडळाच्या गणेशोत्सवात आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो, "काय, सध्या कुठे?" या प्रश्नाचा घराच्या पत्त्याशी काही संबंध नसतो, हे इथे मुरलेल्या मंडळींना सांगायला नको. कंपनीचं नाव सांगायचं असतं. मीही ते वर्षानुवर्षं सांगत असे, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर 'वा!' उमटलं की मोदक जरा जास्तच गोड लागे. 2016 साली मात्र मी म्हणालो, "तळघरात." त्यांना वाटलं, विनोद केला.

विनोद नव्हता. सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून मी आमच्या एडिसनच्या घरी, बेसमेंटमध्ये, विजेवर चालणारं कुंभाराचं चाक मांडलं होतं. त्याआधी सहा वर्षं दर शनिवारी मातीकामाच्या वर्गाला जात होतो. सोमवार ते शुक्रवार न्यू यॉर्कची गाडी, मीटिंगा, आणि रात्री जेवण झालं की भारतातल्या टीमचे फोन. शनिवारचे तीन तास तेवढे माझे. चाकावर मातीचा गोळा आधी बरोब्बर मध्यावर आणावा लागतो. तो जरा जरी बाजूला राहिला, तर भांडं वर चढता चढता डुगडुगायला लागतं आणि बसतं. मनात ऑफिस आलं की हाताला ते लगेच कळतं! ध्यानाच्या शिबिरात जे मला कधी साधलं नाही, ते इथे चिखलात हात घालून थोडंफार साधलं.

त्याच सुमारास एक पुस्तक हाती आलं. वॉल स्ट्रीटवर विश्लेषक असलेल्या जो डॉमिंगेझ यांनी 1969 मध्ये, वयाच्या 31 व्या वर्षी नोकरीला रामराम ठोकला. पुढे 1992 मध्ये विकी रॉबिन यांच्यासह त्यांनी 'युअर मनी ऑर युअर लाइफ' लिहिलं. त्यातला हिशेब आपल्या आजीलाही पटेल असा आहे. प्रवास, ऑफिसचे कपडे, बाहेरचं खाणं, दमून आल्यावर जीव रमवायला केलेला खर्च, हे सारं पगारातून वजा करा. त्यात जाणारा वेळ कामाच्या तासांत मिळवा. मग भागाकार करून बघा. मी केला, आणि माझी ताशी कमाई जवळजवळ निम्म्यावर आली. तेव्हापासून वस्तू घेताना 'किती डॉलर?' ऐवजी 'आयुष्यातले किती तास?' असं विचारायची खोड लागली. दुसरी गाडी विकली, केबल बंद केली, घराचं कर्ज लवकर फेडलं.

पण मंडळी, नुसत्या उत्साहावर उडी मारू नका. एच-वन-बीवर असाल, तर नोकरी सुटल्यावर साधारणपणे फार तर 60 दिवसांची मुदत मिळते. ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत तुमचं चाक बेसमेंटमध्ये झाकूनच ठेवा. 401(के) मधले पैसे साडेएकोणसाठच्या आधी काढले, तर काही अपवाद सोडता नेहमीच्या करावर आणखी 10 टक्के भरावे लागतात. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनला 40 क्रेडिट लागतात, म्हणजे किमान दहा वर्षांचं काम. आणि आरोग्यविमा! कोब्राखाली जुना विमा सहसा 18 महिने चालवता येतो, पण कंपनी भरत होती तो वाटाही आपल्याच खिशातून. 2014 पासून जुनं दुखणं असलं तरी मार्केटप्लेसमध्ये विमा नाकारत नाहीत, हा मोठाच आधार. मेडिकेअर यायला मात्र पासष्टी गाठावी लागते.

आमच्याकडे हा प्रश्न एका फॉर्मवर सुटला. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. मी आणि मुलगा तिच्या विम्यावर गेलो. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मजेत होतो. पहिल्याच हिवाळ्यात भट्टीतून चाळीस वाट्या काढल्या, आणि येईल त्याला साधेपणावर व्याख्यान देऊ लागलो. ती शनिवार-रविवारच्या पाळ्या घेऊ लागली होती, हे दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं.

ते शिरवलं आईने. पुण्याहून फोनवर म्हणाली, "अरे, तेरचे गोरोबाकाका नामात दंग होते. ते संतच. पण माती तुडवताना जे पोर पायाखाली आलं, ते त्यांच्या बायकोचंही होतं ना?"

त्या रात्री मी बायकोला प्रथमच विचारलं, "तुला काय हवंय?" ती लगेच म्हणाली, "तीन महिने साताऱ्याला. आईजवळ." ती दोन वर्षं हे मनात धरून होती. विमा तिच्या नोकरीवर, म्हणून बोलली नव्हती. म्हणजे साधं राहणं माझं आणि ओझं तिचं, असा आमचा संसार चालला होता. मला फार लाज वाटली.

मग जेवणाच्या टेबलावर दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं, 'मला किती पुरे?' आकडे जुळायला तीन रविवार लागले. मी आठवड्यातून दोन दिवस जुनंच कॉम्प्युटरचं काम कंत्राटावर घेतलं. ती बिनपगारी रजा काढून साताऱ्याला राहून आली, आणि आल्यावर आठवड्याला 30 तासांवर आली. तिच्याकडे तेवढ्या तासांना विमा टिकतो. माझी भांडी आता कमी होतात, पण घरात दोघं दिसतो.

नोकरी सोडणं अवघड नसतं. आपल्या 'पुरे'ची किंमत घरात कोण भरतंय, हे आधी बघणं अवघड.

शनिवारी सकाळी चाक मोकळं असतं. कुणाला हात घालून बघायचा असेल तर जरूर या. जुने कपडे घालून या, आणि जमलं तर दोघंही या.