हॉटेलचं फर्निचर: आधी पाणी, मग पॉलिश

सांगलीत नदीकाठच्या पेठेत हॉटेल काढायचं, तर फर्निचर निवडताना कृष्णेला विसरून चालत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. भिजलेला पार्टिकल बोर्ड फुगतो, कडेची पट्टी सुटते, स्क्रू धरत नाही. त्यापेक्षा स्टेनलेस स्टीलची चौकट, वर ग्रॅनाइट आणि एकात एक रचून माडीवर नेता येतील अशा खुर्च्या बऱ्या. दिसायला साध्या, पण गाळ धुतला की पुन्हा मांडता येतात.

साताऱ्याला महामार्गावर गिऱ्हाईक घाईत, तेही सहकुटुंब. टेबल ३० इंच, बैठक १८ इंच उंच असली की गुडघे अडत नाहीत. चार थाळ्यांना अडीच बाय चार फूट हवेतच.

सोफा घ्यायचाच, तर रेक्झिनचा. कापडावर रश्श्याचा डाग कायमचा मुक्कामाला येतो.