गाठ कासेतली की कासेमागची?

उस्मानाबादी शेळीला बहुधा जुळी करडं होतात आणि दोन तोंडांना दोनच सड. एका बाजूची कास बिघडली की एक करडू उपाशी राहतं. त्यामुळे हाताला गाठ लागताच ‘दगडी झाली’ म्हणत कासेत ट्यूब सोडण्याची घाई होते. पण प्रत्येक गाठ दगडी नसते.

धार काढून कास रिकामी झाली की दोन्ही बाजू चाचपून पाहाव्यात. एक बाजू गरम, दुखरी आणि दुधात गुठळ्या असतील तर तो कासदाह, म्हणजेच दगडी. तीच बाजू गार आणि निळीकाळी पडली तर धोका जिवाला असतो. अशा वेळी कास बहुधा हातची जाते आणि डॉक्टरांची धडपड शेळी वाचवण्यासाठी असते. व्याल्यावर दोन्ही बाजू सारख्याच टणक, ताप नाही, दूधही नाही, असं असेल तर सीएई (कॅप्राइन आर्थ्रायटिस एन्सेफलायटिस) विषाणूची शंका घ्यावी. त्यावर औषध नाही.

सगळ्यात फसवी गाठ कासेच्या मागे, वरच्या अंगाला येते. ती दुधाच्या ग्रंथीत नसतेच, तिथल्या लसिकाग्रंथीत असते. कोरिनेबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूने तिथे हिरवट-पांढरा घट्ट पू साठतो. भोवती इतकं जाड आवरण तयार होतं की इंजेक्शनचं औषध आत पुरेसं पोहोचत नाही. ही गाठ गोठ्यात ब्लेडने फोडणं फार महागात पडतं. मातीत सांडलेल्या पुवातले जंतू महिनोन्‌महिने जगतात आणि इतर शेळ्यांच्या बारीकसारीक जखमांतून आत शिरतात. क्वचित माणसालाही हा संसर्ग होतो. म्हणून डॉक्टर आधी सुईने आतला द्रव काढून पाहतात. पुवाऐवजी रक्त किंवा दूध निघालं तर उपचारच बदलतात. पू असेल तर शेळी कळपापासून दूर नेऊन, हातमोजे घालून निचरा करायचा, पोकळी आयोडीनने धुवायची, पू जाळून टाकायचा आणि जखम भरेपर्यंत शेळी वेगळी बांधायची. खऱ्या अर्थाने कर्करोगाची गाठ शेळीत विरळाच.

दुधाच्या चाचणीतही एक मेख आहे. शेळीच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, आटत्या दुधात तर आणखी वाढतात. गायीचे निकष लावले तर निरोगी शेळीही आजारी ठरते. खरी तुलना तिच्याच दोन बाजूंच्या दुधाची करावी.

आणि ट्यूब सोडण्याआधी सड स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा टाकून, थोडं दूध निर्जंतुक बाटलीत घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवा. औषध आधी गेलं तर प्रयोगशाळेत जंतू सापडणं कठीण होतं.