वहिनींची कोठी

पन्हाळ्यावर येणारे लोक तीन दरवाजा पाहतात, सज्जाकोठीत उभे राहून वारा खातात आणि अंबरखान्यात शिरले की आपोआप गप्प होतात. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे असलेल्या या धान्याच्या कोठ्या. त्यांत गंगा सर्वांत मोठी, तिच्यात २५ हजार खंडी धान्य मावायचे असे सांगतात. बाहेरच्या बाजूने दगडी जिना थेट छतावर जातो. छताला झरोके आहेत, त्यांतून धान्य आत ओतायचे. आता त्यातून ऊन तेवढे आत उतरते आणि भुईवर त्याचे तुकडे पडलेले दिसतात. कोठी रिकामी झाली की गड पडतो, हे बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

याच गडावर ताराराणींचा वाडा आहे. पुढच्या काळात त्या वाड्यात शाळा भरली, कचेऱ्या आल्या, मुलांचे वसतिगृहही आले. राणीच्या वाड्यात खेड्यापाड्यांतली पोरे मुक्कामाला राहिली, हे मला फार आवडते. पण वसतिगृह म्हटले की माझ्या मनात आधी तिथली चूल येते. पोरांना दोन वेळा जेवायला कोण घालत असेल, हा प्रश्न येतो. आणि तो आला की लक्ष्मीबाई भाऊराव पाटील आठवतात.

त्या या वारणाकाठच्या. पन्हाळा तालुका उत्तरेला वारणेपाशी संपतो. नदीपलीकडे वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक हे कर्मवीर भाऊरावांचे मूळ गाव, आणि वारणेच्याच खोऱ्यात पूर्वेला हातकणंगले तालुक्यातले कुंभोज. कुंभोज हे भाऊरावांचे जन्मगाव आणि लक्ष्मीबाईंचे माहेर. खात्यापित्या पाटलांची ही लेक. माहेरी जैन घरातले कडक सोवळे आणि सासरी येताना अंगावर भरपूर सोने.

नवऱ्याची गोष्ट मात्र निराळी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली. त्यांपैकी जैन बोर्डिंगात भाऊराव शिकायला होते. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर अंघोळ करून मगच आत यावे, असा हुकूम झाला. त्यांनी अंघोळ केली नाही. बोर्डिंग सुटले. सोवळ्यात वाढलेली मुलगी या माणसाच्या घरात नांदायला आली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. महाराजांची वसतिगृहे समाजवार होती, इथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी पोरे एका पंगतीला. मुले कामे वाटून घेत, दळण-कांडण करीत, शेतात राबत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि वसतिगृहाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळाले. इतके सगळे संस्थेच्या इतिहासात येतेच. भाऊरावांना मुले ‘अण्णा’ म्हणत आणि लक्ष्मीबाईंना ‘वहिनी’, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. परक्या घरात राहायला आलेल्या पोराला घरधनीण ‘बाई’ वाटली तर ते पोर दबून राहते. वहिनी म्हटले की भूक लागल्याचे सांगता येते.

अण्णा देणग्या गोळा करायला गावोगाव फिरत असायचे. घरी वहिनी आणि ही सगळी पोरे. पैसा अपुरा पडला की दागिना जाई. एकेक करत माहेरचे सगळे सोने गेले. मग तो दिवस आला. अण्णा गावाला गेलेले, कोठीत दाणा नाही आणि पोरे उपाशी. वहिनींच्या गळ्यात मंगळसूत्र तेवढे उरले होते. ते त्यांनी काढून दिले. त्यावर धान्य आले, चूल पेटली, पोरे जेवली. नवरा हयात असताना गळा मोकळा करणे त्या काळच्या बाईला किती जड जात असेल, ते आमच्या आजीच्या पिढीने बरोबर ओळखले होते. ही हकिगत निघाली की आजी नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावायची.

शाळाशाळांतून ही गोष्ट सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. तरी मला वाटते, तिच्यामुळे वहिनींचे खरे मोठेपण थोडे झाकले जाते. मंगळसूत्र एका दिवशी दिले. सोवळे त्यांना रोज सोडावे लागले. ज्या जातीच्या माणसाची सावली माहेरी चालली नसती, त्या जातीचे पोर चुलीपुढे बसवून त्याला गरम भाकरी वाढायची, आजारी पडले तर रात्री उशाशी बसायचे. देवधर्म त्यांनी टाकला नव्हता, सोवळे टाकले. लहानपणापासून अंगात भिनलेले असे काढून टाकायला सोन्यापेक्षा जास्त बळ लागते. अण्णांच्या आधी कितीतरी सुधारकांनी सभेत समता मांडली होती आणि ती घरच्या उंबऱ्यापाशी थांबली होती. इथे ती स्वयंपाकघरापर्यंत गेली, कारण स्वयंपाकघर वहिनींचे होते.

१९३० मध्ये वहिनी गेल्या. अण्णा तेव्हा ४२ वर्षांचे होते. संस्थेचे पहिले हायस्कूल १९४० मध्ये निघाले, छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये. यातले काहीच त्यांनी पाहिले नाही. आज रयतच्या शाखा सातशेच्या वर आहेत. वहिनींच्या हयातीत होती ती रोजची पंगत आणि उद्याच्या धान्याची काळजी.

ती काळजी पुढे गावोगावच्या बायकांनी थोडी थोडी वाटून घेतली. रयतचा मुष्टिफंड म्हणजे दळायला बसण्याआधी घरातल्या बाईने एक मूठ धान्य बोर्डिंगच्या पोरांसाठी बाजूला काढायचे. सगळ्यांना परवडेल अशी ही देणगी. चिमूटभर म्हणावी तर जास्त, पायलीभर म्हणावी तर काहीच नाही.

गडाच्या पायथ्याला आमच्या घरी जात्याशेजारी एक काळे मडके असायचे. आजी शाळेत कधी गेली नाही, सहीच्या जागी अंगठा उठवायची. पण दळायला बसली की पहिली मूठ मडक्यात पडायची, मगच जात्याच्या तोंडात. वरच्या वाड्यांवरची दोन-तीन पोरे शाळेसाठी आमच्या सोप्यात राहायची, त्यांच्या भाकरीसाठी ते मडके. वर्ष वाईट असले तर आम्हा नातवंडांच्या ताटातली भाकरी चतकोर व्हायची, मडक्यातली मूठ मात्र तेवढीच. एकदा मी हट्टाने मूठ टाकायला मागितली. लहान हाताची मूठ ती केवढी असणार! आजीने मडक्यात डोकावून पाहिले आणि म्हणाली, “अजून एक टाक. तुझी मूठ ल्हान हाय, त्येंची भूक न्हाय.”