प्रोग्राम संपतो, कानातली शिट्टी संपत नाही
छोट्या गावातल्या गिटारवादकाचे कान, हात आणि झोप

तुळशीचं लग्न लागलं की धामणगाव रेल्वे आणि आसपासच्या गावांत वाजवणाऱ्या माणसांचे दिवस सुरू होतात. आज चांदूर रेल्वेला लग्नाचं स्वागत, उद्या पुलगावात संगीत संध्या, परवा बडनेऱ्याला वाढदिवस. एप्रिल-मेमध्ये भीमजयंतीनिमित्त भीमगीतांचे कार्यक्रम, मग गणपती, मग शारदोत्सव. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड असतो, ऑक्टोपॅड असतो, ढोलकी असते आणि एका कडेला गिटार घेऊन उभा असलेला एक माणूस असतो. गाणाऱ्याचं नाव बॅनरवर येतं, त्याचं येत नाही.

हा माणूस बहुतेक वेळा फक्त गिटारवर जगत नाही. दिवसा दुकान, शेती किंवा नोकरी, संध्याकाळी मुलांच्या गिटारच्या शिकवण्या आणि रात्री स्टेज. बिदागी प्रोग्रामागणिक मिळते. आजारी पडला तर ती बुडते आणि त्याच्या जागी दुसरा वाजवणारा जातो. म्हणून दुखलं-खुपलं तरी तो सांगत नाही. ‘काही नाही बाप्पा, झोपलो की बरं वाटते,’ असं म्हणून पुढच्या तारखेला हजर होतो. अशा वादकाच्या शरीराचं काय होतं, ते विज्ञानाला बऱ्यापैकी माहीत आहे. ते स्टेजच्या कडेपर्यंत पोहोचायला हवं.

कानाचा हिशोब

वऱ्हाडाला गाण्याचा कान आहे. गुरुकुंज मोझरी इथून जवळच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी या भागातली गावंच्या गावं गाती केली. खंजिरी, पेटी आणि माणसांचा गळा, एवढ्यावर ते भजन रंगतं. आजच्या स्टेजवर मात्र ढोलकीलाही माइक असतो आणि गिटारच्या मागे स्पीकरची भिंत.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधं बोलणं सुमारे ६० डेसिबल. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत ऐकावा, त्यापलीकडे नाही, असं अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचं मार्गदर्शन आहे. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं.

मोठ्या स्पीकरजवळ किंवा झांजांच्या शेजारी १०० डेसिबल सहज होतात. तिथे तीन तास उभं राहून वाजवलं, तर एका रात्रीत सुरक्षित मात्रेच्या बारापट आवाज कानात गेला. लग्नसराईत आठवड्यातून चार-पाच रात्री असं झालं, तर कानाला सावरायला उसंतच मिळत नाही.

आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्यांचे सूक्ष्म केस हलतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. प्रचंड आवाजाने या पेशी थकतात. प्रोग्राम संपल्यावर कान बधिर वाटतात, शिट्टीसारखा आवाज येत राहतो, तो याचमुळे. सकाळपर्यंत बरं वाटतं, म्हणून माणूस ते विसरतो. पण हाच मार पुन्हा पुन्हा बसला की पेशी मरतात आणि माणसाच्या कानात मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही.

सकाळी बरं वाटलं म्हणजे नुकसान झालंच नाही, असंही नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञ शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या आवाजानंतर उंदरांची ऐकण्याची क्षमता तपासणीत पूर्ववत दिसली, केशपेशीही शाबूत होत्या. मात्र त्या पेशींना श्रवणनसेशी जोडणारे बरेच सांधे कायमचे तुटलेले होते. माणसातही असं होत असावं, असा अंदाज आहे. तपासणी ठीक येते, पण गर्दीत समोरच्याचं बोलणं नीट कळत नाही, अशा तक्रारीचा अर्थ त्यातून लागू शकतो.

जर्मनीत सुमारे ७० लाख विमाधारकांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यावसायिक संगीतकारांना आवाजामुळे बहिरेपणा येण्याचा धोका इतरांच्या साडेतीन पटींहून अधिक आढळला. कानात सतत आवाज येण्याची तक्रारही त्यांच्यात दीडपटीहून जास्त होती. ‘द हू’ या इंग्लिश बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या कानांच्या हानीबद्दल अनेकदा उघडपणे सांगितलं आहे.

आवाजाने येणारा बहिरेपणा आधी उंच पट्टीतले, साधारण ४ हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर खातो. त्यामुळे ‘स’, ‘फ’, ‘थ’ अशी अक्षरं पुसट होतात. बायको-मुलांचं बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. गिटारवादकाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. तारांची खणखणीत धार त्याला कमी ऐकू येते, म्हणून तो अॅम्पचा ट्रेबल वाढवतो, मग एकूण आवाजही वाढवतो. म्हणजे कान जितके बिघडतील तितका तो त्यांना जास्त मारा देतो. सोबतच्यांनी ‘आज गिटार फार टोचतेय’ असं वारंवार म्हटलं, तर वाद घालण्याआधी कान तपासून घ्यावेत.

बोळे घातले तर सूर कसा लागेल?

हा प्रश्न प्रत्येक वादक विचारतो आणि तो रास्त आहे. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे स्वस्त असतात, पण ते उंच स्वर जास्त अडवतात आणि सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं. संगीतकारांसाठी वेगळे बोळे मिळतात. त्यात बारीक गाळणी असते, ती सगळे स्वर जवळपास सारखेच कमी करते. गाणं तेच राहतं, फक्त आवाज उतरतो. अशा बोळ्यांनी १५ डेसिबल कमी झाले, तर १०० चे ८५ होतात, म्हणजे १५ मिनिटांची मुदत ८ तासांवर जाते. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, म्हणून आधी घरच्या रियाजात सवय करावी. ते मिळेपर्यंत फोमचे बोळे काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरे. कापसाचा बोळा मात्र जवळपास निरुपयोगी. कापूस आपल्याकडे भरपूर पिकतो, पण आवाज अडवायला त्याचा उपयोग नाही.

जागाही महत्त्वाची आहे. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं, तर आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. झांजा कानाच्या पातळीवर येणार नाहीत असं उभं राहावं. अॅम्प पायाशी ठेवला तर वादकाच्या पोटऱ्यांना ऐकू जातं आणि तो आवाज वाढवत राहतो. अॅम्प खुर्चीवर तिरका, कानाकडे तोंड करून ठेवला की कमी आवाजात काम भागतं.

जिनिंगमधल्या कामगारासाठी कारखान्यांच्या नियमांत आवाजाची मर्यादा ठरवली गेली, ८ तासांना ९० डेसिबल. स्टेजवरच्या वादकाची अशी काळजी कोणी घेत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आणि रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते. पण हे नियम शेजाऱ्यांसाठी आहेत, स्टेजवरच्यांसाठी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीत कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केलं. १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, श्रोत्यांना बोळे मिळावेत, कान विसावायला शांत जागा असावी, असं त्यात सुचवलं आहे. यातल्या काही गोष्टी आपल्या मंडळांनाही जमण्यासारख्या आहेत. निदान लहान मुलांना स्पीकरपुढे नाचू न देणं तरी.

बोटांचा भार

पोलादी तारांच्या साध्या गिटारवर सहा तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या घरात असतो. त्या तारा डाव्या हाताच्या चार बोटांनी तासन् तास दाबायच्या, तेही मनगट वाकवून. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांकडे जाणारी एक नस जाते. तिथे सूज आली की ती दबते. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. हात झटकला की बरं वाटतं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर दुखणं बहुधा कोपरातल्या नसेचं असतं. दोन्ही दुखणी लवकर ओळखली तर विश्रांती, पट्टा आणि व्यायामाने आटोक्यात येऊ शकतात. पकड ढिली होऊन अंगठ्याच्या मुळाचं मांस सुकू लागेपर्यंत थांबलं, तर शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरपाई होईलच असं नाही.

आणखी एक विकार फसवा आहे. त्यात दुखत नाही. हाताची बाकी सगळी कामं ठीक होतात, पण वाजवायला घेतलं की एखादं बोट आपोआप वळतं किंवा ताठ होतं. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. बोटांचा नकाशा सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातला हा बिघाड आहे. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला तो होतो. बोट ऐकत नाही म्हणून वादक दुप्पट रियाज करतो आणि तो वाढतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६४ च्या सुमारास असाच गेला. तीसेक वर्षं ते मुख्यतः डाव्या हाताच्या रचना वाजवत, शिकवत आणि वाद्यवृंद चालवत राहिले. पुढे बोट्युलिनम विषाची इंजेक्शनं आणि मसाज यांच्या मदतीने ते दोन्ही हातांनी वाजवू लागले. गिटारवादक बिली मॅकलॉफ्लिन यांच्या डाव्या हाताला हा विकार जडला. त्यांनी गिटार उलटी धरून सगळं पहिल्यापासून शिकून घेतलं.

वादकाने काय करावं? हलक्या गेजच्या तारा लावाव्यात. तारा पट्ट्यांपासून फार वर असतील, तर कारागिराकडून उंची उतरवून घ्यावी. गिटार गुडघ्यापर्यंत लोंबकळत ठेवू नये, त्याने मनगट जास्त वाकतं. ठोकळ्याच्या इलेक्ट्रिक गिटारचं वजन ३ ते ४ किलो असतं, त्यासाठी रुंद पट्टा घ्यावा. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं हात मोकळा ठेवावा. स्पीकर उचलून झाल्या झाल्या लगेच वाजवायला बसू नये. मुंग्या दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या, तर तेल चोळत न बसता डॉक्टर गाठावा.

अर्थिंग आणि परतीचा रस्ता

वीज इथे वेगळी सांगायला हवी. गिटारच्या तारा अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची लाइन दुसऱ्या जनरेटरवरून आली असेल किंवा अर्थिंग तुटलेलं असेल, तर तारांवर हात आणि माइकला ओठ लागताच वादकाच्या शरीरातून वीज जाते. स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वानसी इथे स्टेजवरच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून दगावले. म्हणून सगळा साउंड एकाच लाइनवर असावा, अर्थिंगची पिन तोडलेली वायर वापरू नये आणि बोर्डावर ३० मिलिअॅम्पिअरला तुटणारा ईएलसीबी असावा. ओल्या मैदानात तर याला पर्यायच नाही. माइकचा हलका चिमटा बसला, तर तो हसण्यावारी नेऊ नये, प्रोग्राम थांबवून लाइन तपासावी.

शेवटची गोष्ट झोपेची. सकाळी सातला उठलेला वादक रात्री बाराला सामान आवरतो, तेव्हा त्याच्या जागरणाला १७ तास झालेले असतात. इतक्या जागरणानंतर माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्याने वाहनचालकाला मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे एक थेंबही न घेता तो त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत गाडी हाकतो. त्यात पहाटे दोन ते चार या वेळात झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो. सरळ, रिकामा रस्ता डोळे मिटायला मदतच करतो. गाडी चालवणारा माणूस दुपारी झोपून आलेला, न वाजवणारा असावा. ते जमत नसेल, तर मंडपातच दोन-तीन तास पाठ टेकावी. ठरवताना मुक्कामाची सोयही मागावी. तो मान नाही, गरज आहे.

कानांची तपासणी अर्ध्या तासाची असते आणि दुखत नाही. अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा रेल्वेने वर्ध्याला उतरून सेवाग्रामच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग गाठता येतो. हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, वर्षातून एकदा ऑडिओग्राम काढावा आणि कागद जपून ठेवावा. दरवर्षीचे कागद शेजारी ठेवले की घसरण लवकर दिसते. एक कान अचानक बंद झाला, तर मात्र हंगाम संपायची वाट पाहू नये. त्या दिवसांत उपचार झाले तर ऐकू येणं परतण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडे पोहोचावं.

लग्नघरांनीही एवढं करावं. साउंडवाल्याला ‘अजून वाढव’ सांगण्याआधी स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा पाहावं. त्याला पुढची वीस वर्षं याच कानांनी गिटार लावायची आहे.